सजावट उतरवण्यापासून सुरुवात करा: ठाणे-नवी मुंबईत कचरा न करता फुलांचं काम

फुलं निसर्गाचीच, मग त्यांच्या सजावटीने प्रदूषण कसलं, असं बहुतेकांना वाटतं. त्यांनी एखाद्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन बघावं. काळ्या पिशव्यांत झेंडू, गुलाब, नायलॉनचा दोरा, देठ खोचायच्या हिरव्या फोमच्या विटा, सेलोफेन, चिकटपट्टी, निळं रंगवलेलं जिप्सो (गुच्छात भरायची बारीक पांढरी फुलं) आणि तारा, सगळं एकत्र कोंबलेलं असतं. यातली फुलं दोन महिन्यांत माती झाली असती. पण नायलॉनमध्ये ओवलेला झेंडू सोडवत बसायला मध्यरात्री कोणाला वेळ असणार? पिशवी तशीच डम्पिंगवर जाते.

म्हणून मी ठाण्यात लग्नाचं किंवा सोसायटीच्या गणपतीचं काम घेते, तेव्हा आखणी उलटीकडून करते. स्टेजचं चित्र काढण्याआधी कागदावर लिहिते, की उद्या सकाळी यातली कुठली वस्तू कुठे जाणार. ज्या वस्तूपुढे ‘खत’, ‘परत गोदामात’ किंवा ‘कोणाच्या तरी घरी’ यांपैकी काही लिहिता येत नाही, ती वस्तू घ्यायचीच नाही. खालचं सगळं या एका नियमातून आलेलं आहे. घरच्या मखरापासून पाचशे माणसांच्या रिसेप्शनपर्यंत तो सारखाच चालतो.

आधी काय काढून टाकायचं

पहिला नंबर हिरव्या फोमचा. १९५४ साली अमेरिकेत निघालेला हा फोम फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा, म्हणजे प्लास्टिकच. तो कुजत नाही, नुसता चुरा होत जातो. भिजवलेल्या फोमचं पाणी आपण मोरीत ओततो, त्यासोबत तो बारीक हिरवा चुराही जातो. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यातले लहान जीव हा चुरा खातात आणि फोममधून पाण्यात उतरणारी द्रव्यं त्यांना बाधतात, असं त्यात दिसलं. ‘जैवविघटनशील’ म्हणून विकला जाणारा फोमही त्यातून सुटला नाही. त्यामुळे पाकिटावर हिरवं पान छापलेला फोम घेऊन समाधान मानू नका. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोम बंद केला. आपल्याकडे नाल्यांची तोंडं ठाणे खाडीत उघडतात, आणि त्या खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. फोम बंद करायला मला हे एवढं कारण पुरतं.

थर्माकोलबद्दल फार लिहायला नको. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि देशभर १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल बंद आहे. कोणी अजून थर्माकोलचं मखर दाखवत असेल तर सरळ नाही म्हणा. रंग फवारलेली फुलं, चमकी लावलेली पानं आणि सेलोफेनही यादीतून काढा. रंग मारलेलं जिप्सो खतात टाकता येत नाही, आणि पांढरं जिप्सो दिसायला जास्त चांगलंच असतं.

प्लास्टिकच्या फुलांविषयी लोक म्हणतात, ‘पुन्हा पुन्हा वापरता येतात ना!’ येतात. पण दोन-तीन समारंभांनंतर धूळ बसते, रंग उडतो आणि ती फेकली जातात. त्यांचा पुढे काही म्हणता काही उपयोग होत नाही.

फुलं कुठली, कधीची

फुलांची निवड मी अंतर आणि ऋतू बघून करते. थायलंडहून विमानाने येणारं ऑर्किड आणि पालघर जिल्ह्यातून पहाटे येणारा मोगरा यांतला फरक सांगायला हिशेब मांडायची गरज नाही. आपल्या आजूबाजूला काय पिकतं ते माहीत असलं म्हणजे झालं. वसईचा सोनचाफा, विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा, मावळातल्या पॉलिहाऊसचा गुलाब आणि जरबेरा, पुणे-साताऱ्याकडचा झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर आणि निशिगंध. एवढ्यात वर्षभराची सजावट होते.

ग्राहकाने मोबाइलवर परदेशी लग्नाचा फोटो दाखवला की मी आधी तारीख विचारते. मे महिन्यात पांढरं हवं असेल तर मोगरा आणि निशिगंध. पावसाळ्यात तेरडा, सोनटक्का, अनंत, कर्दळ आणि सोनचाफा. सोनटक्क्याचा वास एका मोठ्या हॉलला पुरतो, तरी स्टेजवर तो कोणी मागत नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. दसऱ्यापासून झेंडू आणि शेवंतीचं राज्य. थंडीत गुलाब, ग्लॅडिओलस आणि अबोली. ऋतूतलं फूल ताजं मिळतं आणि जास्त टिकतं, म्हणून नासाडी धरून जी वीस-पंचवीस टक्के जादा फुलं मागवायची सवय असते, तीही कमी करता येते.

ठाणेकरांना कल्याणच्या बाजार समितीतला फूल बाजार जवळ पडतो. वाशी-नेरूळची मंडळी बहुधा दादरची मीनाताई ठाकरे फूल मंडई गाठतात. पहाटे जा आणि सोबत स्वतःच्या बादल्या, ओली फडकी, कापडी पिशव्या आणि परड्या न्या. गुलाबाच्या बंचवरचं प्लास्टिक आणि पुठ्ठा तिथेच काढून ठेवता आला तर उत्तम. सोनचाफा प्लास्टिकच्या पुडीऐवजी डब्यात घ्या, आणि उचलताना देठाला धरा. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी डाग पडतो.

हार-तोरणांची ऑर्डर देताना दोऱ्याचं आवर्जून सांगावं लागतं. पूर्वी गजरा केळीच्या सोपटात, म्हणजे खांबाच्या सालीच्या सुकलेल्या दोरीत, ओवला जायचा, आता सर्रास नायलॉन असतो. ‘मावशी, सोपटात द्याल का बांधून?’ असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आदल्या दिवशी सांगा ताई, आणून ठेवते.’ तेव्हा आदल्या दिवशी सांगा. सोपट नसेल तर सुती दोरा चालतो. झेंडूची जड तोरणं सुताच्या दुहेरी दोऱ्यावर किंवा बारीक सुतळीवर व्यवस्थित राहतात. एवढ्या एका बदलाने दुसऱ्या दिवशीचं अर्धं काम हलकं होतं, कारण माळ सोडवावी लागत नाही, दोऱ्यासकट खतात टाकता येते.

हिरवा पाला

हिरवाईसाठी माझा मोठा आधार म्हणजे छाटणी. पावसाळ्याआधी दोन्ही महापालिका आणि सोसायट्या झाडांच्या फांद्या छाटतात, नारळाच्या झावळ्या उतरवतात, आणि हा सगळा माल ट्रकमध्ये भरून जातो. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि माळीदादांना आधी सांगून ठेवलं तर अरेका पाम, आसोपालव, कामिनी आणि झावळ्या फुकट मिळतात. स्वतः मात्र फांदी तोडायला जाऊ नका. शहरातल्या झाडांना १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि छाटणीलाही परवानगी लागते. येऊरला जाऊन कारवीच्या काठ्या किंवा रानफुलं आणणं तर विसराच. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. खाडीकाठच्या कांदळवनालाही हात लावायचा नाही.

रानटी काही हवंच असेल तर घाणेरी घ्या. मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याकडेला ती माजलेली असते, बाहेरून आलेली आहे आणि देशी झाडांना जागा देत नाही. जागेच्या मालकाला विचारून तिच्या लांब काठ्या कापा आणि पानं काढून सुकवा, त्यांच्या सुंदर वेड्यावाकड्या कमानी होतात. कापताना हातमोजे घाला, बारीक काटे असतात. फळं असलेल्या काठ्या नेऊ नका, नाहीतर बिया आणखी पसरतात.

पाणी पाजणं

फूल जास्त टिकलं की कमी फुलं लागतात. त्यामुळे पर्यावरणाच्या दृष्टीने हा टप्पा सगळ्यात मोलाचा आहे, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो.

बादल्या आधी साबणाने घासून घ्या. कालच्या पाण्याचा बुळबुळीत थर तसाच राहिला तर त्यातले जिवाणू नव्या देठांची तोंडं बंद करतात. फुलं आली की प्रत्येक देठ धारदार सुरीने तिरका कापायचा, बोथट कात्रीने तो चेपतो. गुलाबाचा देठ पाण्याखाली धरून कापा, म्हणजे आत हवा शिरत नाही आणि मान लवत नाही. पाण्यात बुडणारी पानं सगळी काढायची. मग फुलं सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, निदान तीन-चार तास उभी ठेवायची.

जरबेऱ्याचं वेगळं आहे. त्याचा देठ पोकळ आणि लवकर सडणारा, म्हणून पाणी फक्त दोन इंच ठेवायचं. निशिगंधाची टोकाची अगदी बारीक कळी खुडली तर खालच्या कळ्या नीट उमलतात. सुटा झेंडू भिजवू नका, तो आतून काळा पडतो, ओल्या गोणपाटावर पसरून ठेवा. मोगरा ओल्या मलमलीत गुंडाळून झाकणाच्या डब्यात.

फुलं टिकवायच्या विकतच्या पुडीऐवजी एक लीटर पाण्यात एक मोठा चमचा साखर, दोन लहान चमचे लिंबाचा रस आणि अर्धा लहान चमचा घरगुती ब्लीच घाला. ब्लीच टाळून नुसती साखर घातली तर उलटा परिणाम होतो, जिवाणूंना आयतं खाणं मिळतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांत मात्र साधंच पाणी घाला आणि रोज बदला, कारण लिंबू आणि ब्लीच दोन्ही धातूला खातात.

आणखी एक गोष्ट जागा लावताना लक्षात ठेवा. पिकत्या केळ्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कार्नेशन, ऑर्किड लवकर मिटतात. दारातल्या केळीला पिकू लागलेला घड असेल तर ही फुलं तिथून लांब मांडा.

फोमऐवजी काय

याच प्रश्नावर बहुतेक जण अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका रात्रीच्या कामासाठी माझी पहिली पसंती केळीच्या खांबाला. कोकणात मखरासाठी तो पिढ्यान् पिढ्या वापरला जातो, त्यामुळे मोठ्या माणसांना पटवावं लागत नाही. खांब घड उतरवलेल्या झाडाचाच मागा. घड निघाल्यावर ते झाड शेतकरी तसंही कापतो. कोवळी केळ फक्त सजावटीसाठी तोडायला लावू नका. खांब ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवला तर दोन-तीन दिवस चांगला राहतो.

कामाच्या दिवशी आठ-दहा इंचांचे तुकडे करा. कापल्यावर आत पापुद्र्यांमधली जाळीदार घरं दिसतात, त्यात पाणी भरलेलं असतं आणि दाबलं की हातावर उतरतं. तुकडा परातीत दोन बोटं पाण्यात उभा किंवा आडवा ठेवा. छत्रीच्या काडीने किंवा दाभणाने आधी तिरकं भोक पाडा आणि त्यात देठ दीड-दोन इंच आत सरकवा. गुलाब, शेवंती, निशिगंध, कामिनी असे कडक देठ थेटही जातात. जरबेऱ्याचा देठ मोडतो, त्याला भोक हवंच. आधी पाला लावून खांब झाका, मग मोठी फुलं, शेवटी बारीक. एकदा घातलेला देठ काढून पुन्हा त्याच भोकात घातला तर सैल बसतो, म्हणून जागा आधी ठरवा.

दोन इशारे. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जात नाही, तेव्हा जुने कपडे घाला आणि टेबलक्लॉथच्या आधी गोणपाट अंथरा. आणि खांब जड असतो. लटकत्या सजावटीला तो वापरू नका, कमानीवर लावायचा तर तुकडे लहान करून सुतळीने दोन ठिकाणी आवळून बांधा. यात फुलं संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नीट राहतात. जास्त दिवसांचा गणपती असेल तर दुसरा मार्ग धरा.

तो मार्ग म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. इंच-दीड इंच भोकांची घ्या. भांड्याच्या तोंडाच्या तिप्पट रुंद तुकडा पत्र्याच्या कात्रीने कापा, कडा आत दुमडा आणि सैल चेंडूसारखा गोळा करून भांड्यात बसवा, वरचा घुमट काठाच्या जरा वर यायला हवा. सुतळी फुलीसारखी वरून बांधली की जाळी हलत नाही. देठ दोन-तीन थरांतून आरपार जातो, म्हणून हवा तिथे उभा राहतो, आणि भांड्यात भरपूर पाणी असल्यामुळे पाच-सहा दिवस सहज निघतात. काम झालं की जाळी धुऊन वाळवायची. वाळवायला विसरलात तर गंज धरते, नाहीतर वर्षानुवर्षं चालते.

लहान टेबलांसाठी इकेबाना या जपानी पुष्परचनेतला केन्झान, म्हणजे जड पायावर पितळी टोकदार खिळे बसवलेला आधार, एकदाच घेऊन ठेवावा. तीन देठांतही मांडणी भरलेली दिसते. त्याचा पाया बहुधा शिशाचा असतो, तेव्हा खाण्याच्या भांड्यात ठेवू नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

भांड्यांसाठी खरेदी करू नका. घरोघरी घंगाळं, कळशा, तांबे माळ्यावर पडून आहेत. उन्हाळ्यात शहाळेवाल्याकडची रिकामी शहाळी घ्या, बूड सपाट कापा आणि आतून धुवा, नाहीतर मुंग्या येतात. एका रिसेप्शनच्या सगळ्या टेबलांचं काम त्यात होतं. कमानीला बांबूच्या कामट्या काही तास पाण्यात भिजवून वाकवा आणि सुतळीने बांधा. मागच्या पडद्याऐवजी विणलेल्या झावळ्या लावल्या तर अर्धी फुलं वाचतात. फुलं सगळीकडे सारखी पसरण्याऐवजी जिथे फोटो निघतात आणि जिथे माणसं वाकून बघतात तिथे दाट ठेवा, बाकी पाला.

ताटात, केकवर किंवा सरबतात पाकळ्या टाकायच्या असतील तर बाजारातला गुलाब चालणार नाही. शोभेच्या फुलांवर भरपूर औषधं मारलेली असतात. घरच्या कुंडीतलं फूल किंवा खाण्यासाठीच पिकवलेलं फूल वापरा.

उतरवणं

हे काम करारात लिहून घ्या. मांडववाले रात्री येऊन सगळं ओढून काढणार असतील तर वरची सगळी मेहनत पाण्यात जाते. मी हॉलच्या मॅनेजरकडे आधीच एक तास जादा मागते आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरते. ग्राहकाला सांगते, की फोमचा आणि आयात फुलांचा खर्च वाचला, त्यातून हा तास निघाला.

आधी चांगली फुलं. पाहुणे निघतानाच घरच्या कोणा काकू-मावशींना दाराशी उभं करा आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून हातात फुलं द्या. मग टेबलांवरच्या जाळ्या, भांडी, सुतळी, कामट्या क्रेटमध्ये. मग हार, तोरणं, पाला आणि खांबाचे तुकडे गोणपाटाच्या पोत्यांत. शेवटी जो काही खरा कचरा उरेल तो, आणि आखणी बरोबर असेल तर तो एका लहान पिशवीत मावतो.

पूजेतली फुलं असतील तर माणसांना ती पायदळी नकोत, म्हणून ती मासुंदा, उपवन या तलावांत किंवा खाडीत सोडायचा मोह होतो. पाण्यात ती सडतात आणि प्राणवायू खातात. विसर्जनाच्या ठिकाणी महापालिकांचे निर्माल्य कलश असतात, त्यात द्या, पण पिशवी, दोरा आणि तार काढून. सोसायटीत जागा असेल तर स्वतःच खत करा.

भोकं पाडलेला ड्रम किंवा विटांचा हौद घ्या. तळाला काड्यांचा थर, त्यावर एक टोपली चिरलेली फुलं आणि दीड-दोन टोपल्या सुकलेला पाचोळा, असे थर द्या. नुसत्या फुलांचा ढीग घातला तर चिखल होतो आणि वास मारतो. मधेमधे जुनं खत किंवा शेणकाला शिंपडा. केळीचे तुकडे बारीक चिरा, नाहीतर ते मागे राहतात. ओल पिळलेल्या फडक्याइतकी हवी. आठवड्याला एकदा खालीवर करा, पावसाळ्यात झाकण ठेवा. चिलटं झाली तर वर सुक्या मातीचा हात फिरवा. अमोनियाचा वास आला की पाचोळा कमी पडतोय असं समजा. आपल्या हवेत सहा ते आठ आठवड्यांत खत तयार होतं.

उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या अर्धा तास उकळून, तुरटीच्या पाण्यातून काढलेलं रेशीम त्यात बुडवलं तर छान मोहरी-पिवळा रंग चढतो. सुती कापडावर तो फिका येतो. पूर्ण सुकलेले झेंडू कुस्करून मे अखेरीस कुंडीत पेरले तर उगवतात. बाजारातला झेंडू बहुधा संकरित असल्यामुळे फुलं मूळ झाडासारखीच येतील असं नाही, पण दसऱ्याच्या दाराच्या तोरणाला पुरतात.

खत चाळताना सुतळीचे आणि काथ्याचे तुकडे वर राहतील, ते पुढच्या ड्रमच्या तळाला टाका. बाजारच्या फुलांवरची औषधं लक्षात घेऊन हे खत मी पालेभाजीला घालत नाही. सोसायटीच्या जास्वंदीला, अनंताला आणि कामिनीला देते.